डाव संपतो १८२१ ला, राज्य जाते १८५४ ला

१/ कन्हान नदीकाठचे खापा हे नागपूर जिल्ह्यातील विणकरांचे जुने गाव. एकेकाळी ते नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. त्या काळावरील प्रसिद्ध संगणकीय डावात मात्र ते सापडत नाही.

२/ या डावाचे मूळ पटावर आहे. १९९३ मध्ये फिलिप थिबो या फ्रेंच रचनाकाराचा ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ आला. काळ १४९२ ते १७९२. व्यापार, युद्ध आणि वसाहतींचा हिशेब खेळाडू हाताने ठेवीत. तह समोरासमोर बोलून होत.

३/ २००० मध्ये स्वीडनच्या पॅराडॉक्सने त्याला संगणकावर आणले. हिशेब यंत्राकडे गेला. यंत्राचे दरबार आकडे तोलून तहाला होकार किंवा नकार देऊ लागले.

४/ २०१३ च्या चौथ्या आवृत्तीचा काळ १४४४ ते १८२१. मराठ्यांच्या बाजूनेही खेळता येते. पण नकाशाचा घटक प्रांत; खाप्यासारखे गाव त्याच्या रंगात विरून जाते.

५/ नागपूरचा निर्णायक प्रसंग त्यानंतरचा. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. राजघराण्याने दत्तकाचा हक्क मांडला. डलहौसीने तो अमान्य करून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. लढाई न होता खाप्यासह सारा मुलूख कंपनीकडे गेला.

६/ पटावरचे नियम सर्वांसमोर छापलेले असतात. संगणकात ते पडद्याआड चालतात. नागपुरात तर वारसाचा नियम एका खेळाडूनेच ठरविला. असा डाव खेळताना पहिला प्रश्न हाच असावा : नियम कोणाचा?