उपयोगी असाल तरच माणूस? : ऑटिझम, काम आणि 'मेरिट'चा इतिहास

गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांच्या तोंडी एक नवा शब्द आला आहे, न्यूरोडायव्हर्सिटी. म्हणजे मेंदूंची विविधता. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या माणसांना आम्ही नोकऱ्या देतो, कारण त्यांचे लक्ष विचलित होत नाही, त्यांना बारीक चुका दिसतात, ते आकड्यांत हुशार असतात, असे या कंपन्या सांगतात. ऐकायला छान वाटते. पण आंबेडकरी विचाराच्या माणसाने इथे थांबून एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ज्याला आकडे जमत नाहीत, ज्याला बारीक चुका दिसत नाहीत, त्या ऑटिस्टिक माणसाचे काय? त्याची किंमत किती, आणि ती ठरवणार कोण?

हा प्रश्न नवा नाही. ऑटिझमचा शंभर वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. आपल्यापैकी अनेकांना हा विषय 'त्यांचा' वाटतो, इंग्रजी शाळांचा आणि शहरी पालकांचा. तसे का वाटते, याचेही उत्तर या इतिहासातच आहे.

नाव कोणी दिले, श्रेय कोणाला मिळाले

'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास रूढ केला. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः'. पण तो शब्द त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी वापरला होता. आज आपण ज्याला ऑटिझम म्हणतो त्याच्याशी जुळणारे सविस्तर वर्णन पहिल्यांदा केले ते ग्रुन्या सुखारेवा यांनी. कीव्हमध्ये जन्मलेल्या या ज्यू स्त्री डॉक्टरने मॉस्कोत काम करताना सहा मुलांचा अभ्यास १९२५ साली रशियन भाषेत आणि १९२६ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. त्यांच्या उपचारशाळेत मुलांना व्यायाम, चित्रकला आणि सुतारकाम शिकवले जाई. तरीही पुढची कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत नावे आली ती दोन पुरुषांची, लिओ कॅनर आणि हान्स आस्पर्गर. सुखारेवांच्या लेखाचा इंग्रजी अनुवाद व्हायला १९९६ साल उजाडले. ज्ञान निर्माण कोण करतो आणि ते कोणाच्या नावावर चढते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दवाखान्यापर्यंत कोण पोचले?

कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर इथून अकरा मुलांवरचा लेख प्रसिद्ध केला. या मुलांचे पालक बहुतेक उच्चशिक्षित होते : डॉक्टर, वकील, प्राध्यापक. अकरांत एकही काळे मूल नव्हते. यावरून वर्षानुवर्षे असा समज पसरला की ऑटिझम हा शिकलेल्या घरांतला आजार आहे. दोष आईच्या माथी मारला गेला. आई मुलाशी थंडपणे वागते म्हणून मूल असे होते, हा सिद्धांत ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने घरोघरी नेला. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील. त्यांनी १९६४ सालीच या सिद्धांताला पुराव्यानिशी उत्तर दिले होते, तरी आयांना बोल लावणे थांबले नाही.

वर्गाच्या समजाला धक्का दिला तो लॉर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरने. त्यांची मुलगी ऑटिस्टिक होती. जुडिथ गूल्ड यांच्यासोबत त्यांनी लंडनच्या कँबरवेल भागातली मुले तपासली आणि ऑटिझमचे एक ठरावीक रूप नसून त्याच्या अनेक छटा आहेत हे १९७९ साली दाखवले. १९८० साली त्यांनी थेट सामाजिक वर्गाचा प्रश्न घेतला. निष्कर्ष साधा होता : आजार वर्ग पाहून येत नाही, दवाखान्यापर्यंत पोचणे मात्र वर्गावर अवलंबून असते. म्हणजे ऑटिझम 'त्यांचा' नव्हता. निदान तेवढे 'त्यांचे' होते. आपल्या वस्त्यांत काम करताना आम्हाला हेच दिसते. तीच लक्षणे असलेल्या मुलाला एका घरात 'ऑटिस्टिक' म्हणतात, दुसऱ्या घरात 'येडं' म्हणतात आणि शाळेतून काढून घरी बसवतात.

विहीर खणणारा मुलगा

कॅनर यांच्या यादीतला पहिला मुलगा डॉनल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट गावचा. आकडे आणि मोजमापे यांचे त्याला वेड होते. काही वर्षे तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्या शेतकऱ्याने त्याचे वेड मोडून काढायचा प्रयत्न केला नाही. मोजायला आवडते ना, मग विहीर खण आणि किती खोल झाली ते सांग, असे काम त्याला दिले. मक्याच्या ओळी मोजायची हौस होती, तर नांगरताना ओळी मोजू दिल्या. पुढे डॉनल्ड पदवीधर झाला आणि गावातल्या बँकेत त्याने अनेक दशके नोकरी केली. २०२३ साली तो वारला तेव्हा त्याचे वय ८९ होते.

पण ती बँक त्याच्या आईच्या माहेरची होती. कॅनर यांनी १९७१ साली त्याच अकरा जणांचा मागोवा घेतला, तेव्हा सरकारी संस्थांत कोंडलेली मुले तिथेच विझून गेल्याचे त्यांना आढळले. फरक फक्त मुलांच्या बुद्धीत नव्हता. एकाच्या पाठीशी जमीन, बँक आणि गावातली पत होती. त्याच काळात त्याच मिसिसिपीत काळ्यांना गोऱ्यांच्या शाळेचा उंबरा ओलांडता येत नव्हता. तिथल्या एखाद्या काळ्या ऑटिस्टिक मुलाला कोणत्या बँकेने खुर्ची दिली असती? 'गुणवत्ता' म्हणून जे दाखवले जाते, त्याच्या खाली वारशाने मिळालेले भांडवल किती असते, याचे हे उदाहरण आहे.

व्हिएन्ना : उपयुक्ततेचा हिशेब

याच इतिहासाचे सर्वांत काळे पान व्हिएन्नाचे आहे. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळला. ज्यू डॉक्टरांना वैद्यकीय क्षेत्रातून हाकलले गेले. आस्पर्गर तिथल्या बालरुग्णालयात होते. १९४४ साली त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. यांतली काही मुले विशिष्ट क्षेत्रांत चमकदार काम करू शकतात आणि समाजाला उपयोगी पडतात, अशी त्यात मांडणी होती. पुढे अनेकांनी या मांडणीकडे मुलांचा बचाव म्हणून पाहिले. पण २०१८ साली इतिहासकार हेर्विग चेक यांनी कागदपत्रे उजेडात आणली. आस्पर्गर यांनी काही मुलांना 'आम श्पीगलग्रुंड' या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. त्या संस्थेत नाझी काळात ७८९ मुलांचा मृत्यू झाला, त्यांतल्या अनेकांना ठरवून मारले गेले.

जर्मनीत 'टी-४' नावाच्या मोहिमेत १९४१ च्या ऑगस्टपर्यंत ७०,००० हून अधिक अपंग आणि मनोरुग्ण माणसांना विषारी वायूने मारले. त्यासाठी संस्थांकडून जे तक्ते भरून घेतले जात, त्यांत एक प्रश्न असे : हा रुग्ण कोणते काम करतो? काम करू शकणारा वाचण्याची शक्यता जास्त, न करू शकणारा 'फुकट खाणारा'.

आजच्या कंपन्या नाझी आहेत असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे आणि उथळ ठरेल. आमचा मुद्दा तर्काचा आहे. 'हा उपयोगी आहे म्हणून याला जागा द्या' हा युक्तिवाद ऐकायला दयाळू वाटतो, पण त्याच दमात तो निरुपयोगी ठरलेल्याला बाहेर काढण्याची परवानगीही देऊन टाकतो.

स्वतःचा आवाज

या तर्काला उत्तर ऑटिस्टिक माणसांनीच दिले. १९९३ साली जिम सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून केलेली मांडणी प्रसिद्ध आहे : आमच्यासाठी शोक करू नका, आम्ही हरवलेली मुले नाही, आम्ही असेच आहोत. १९९८ साली ऑस्ट्रेलियात जूडी सिंगर यांनी आपल्या प्रबंधात आणि अमेरिकेत हार्वी ब्लूम यांनी आपल्या लेखात 'न्यूरोडायव्हर्सिटी'ची कल्पना मांडली. सिंगर समाजशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या, त्यांच्या घरात तीन पिढ्यांत हे वेगळेपण होते. ही हक्कांची भाषा होती. अडचण फक्त मेंदूत नाही, ती एकाच प्रकारच्या मेंदूसाठी बांधलेल्या शाळेत आणि कार्यालयात आहे, हे त्या भाषेचे सांगणे होते.

मग बाजार आला. २००४ साली डेन्मार्कमध्ये थॉर्किल सॉन यांनी ऑटिस्टिक तरुणांना सॉफ्टवेअर तपासणीच्या कामावर घेणारी 'स्पेशालिस्टर्न' ही कंपनी काढली. सॉन स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील. २०१३ साली एसएपीने 'ऑटिझम ॲट वर्क' हा कार्यक्रम जाहीर केला. त्याआधीचा पहिला प्रयोग त्यांनी आपल्याच देशात, बेंगळुरूत केला होता. यातून काही माणसांना सन्मानाची नोकरी मिळाली, ते नाकारायचे कारण नाही. पण हक्काची भाषा इथे फायद्याची झाली. 'हुशार ऑटिस्टिक' चालतो, बाकीचे नाही. आपल्याला हे ओळखीचे आहे. 'तुमच्यातला तो हुशार आहे हो, तो वेगळा' हे वाक्य आपल्या किती मुलांनी ऐकले असेल! एकाला अपवाद ठरवायचे आणि त्याच्या नावाने बाकीच्यांचा हक्क नाकारायचा, ही 'मेरिट'वाल्यांची जुनी रीत आहे.

बाबासाहेबांनी काम कसे पाहिले

माणसाने कामाच्या साच्यात बसायचे, की कामाने माणसाला सामावून घ्यायचे? १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेचे विधेयक आले. गिरणीमालकांच्या बाजूने खर्चाची ओरड होती. बाबासाहेबांनी विधेयकाची बाजू घेतली : स्त्रीच्या श्रमातून मालकाला लाभ होतो, तर तिच्या विश्रांतीच्या खर्चाचा वाटाही त्याने उचलला पाहिजे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले. या दोन्ही ठिकाणी माणसाच्या शरीराची गरज आधी धरली आणि काम त्याप्रमाणे बदलायला लावले. ऑटिस्टिक कर्मचारी आज जे मागतो ते याच जातीचे आहे : सूचना तोंडी न देता लेखी द्या, डोळ्यांवर येणारा दिवा बदला, गोंगाटापासून लांब जागा द्या, कामाचे वेळापत्रक आयत्या वेळी बदलू नका, मुलाखतीत डोळ्यांत पाहिले नाही म्हणून गुण कापू नका. याला कायद्याच्या भाषेत 'वाजवी सोय' म्हणतात. यातल्या बहुतेक गोष्टींना फारसा पैसाही लागत नाही.

मुलाखतीचा मुद्दा तर आपला आणि त्यांचा एकच आहे. लेखी परीक्षेत पुढे असलेला उमेदवार मुलाखतीत मागे पडतो, ही आपल्या मुलांची जुनी तक्रार आहे. 'व्यक्तिमत्त्व' या शब्दाखाली बोलण्याची ढब, आत्मविश्वास आणि वावर मोजला जातो. तो वावर कोणाच्या घरातून येतो? आपल्या वस्तीतल्या ऑटिस्टिक तरुणाला ही भिंत दोनदा ओलांडावी लागते.

कायदा काय देतो

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण तिथे भर पालकत्व आणि सांभाळावर होता. नोकरीतला हक्क मिळाला तो २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने. त्यात एकवीस प्रकार आले. कलम ३४ नुसार सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. अंध, कर्णबधिर आणि चलनवलनाचे दिव्यांग यांना प्रत्येकी १ टक्का. उरलेल्या १ टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांग, एवढे सगळे. कलम २० ने सरकारी आस्थापनांत भेदभावाला बंदी केली आणि वाजवी सोय देणे बंधनकारक केले. कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे आहे आणि कलम २३ नुसार सरकारी कार्यालयांत तक्रार निवारण अधिकारी हवा.

आरक्षणासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. पण विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी स्पष्ट केले की वाजवी सोयीसाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. ज्यांच्या हातात ते प्रमाणपत्र नाही, त्यांच्यासाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

काही कार्यकर्ते विचारतात, आधीच आपले आरक्षण पोखरले जात असताना हा नवा वाटेकरी कशाला? हा गैरसमज आहे. दिव्यांगांचे आरक्षण समांतर आहे. अनुसूचित जातीचा दिव्यांग उमेदवार अनुसूचित जातीच्याच जागेवर मोजला जातो. त्यामुळे आपला कोटा कमी होत नाही. उलट आपल्या दिव्यांग मुलांनी प्रमाणपत्र काढले नाही, तर या १ टक्क्याच्या रांगेत शिकलेल्या, सवर्ण, शहरी घरांचीच मुले उभी राहतील. कॅनर यांच्या दवाखान्यात जे झाले तेच इथे होईल.

म्हणून आमचे सांगणे ठोस आहे. आपल्या वस्तीत उशिरा बोलणारे, हाकेला ओ न देणारे, बदल झाला की बिथरणारे मूल असेल, तर त्याच्या आईला दोष देऊ नका, अंगाऱ्या-धुपाऱ्याला पाठवू नका. जिल्हा रुग्णालयात तपासणीला सोबत जा आणि युडीआयडी कार्डाचा अर्ज भरून द्या. आपल्या जिल्ह्यातल्या सरळसेवा भरतीची बिंदुनामावली माहितीच्या अधिकारात मागवा आणि या १ टक्क्याच्या किती जागा भरल्या ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयापर्यंत जा. आणि आपल्याच संघटनेत, आपल्याच अभ्यासवर्गात एखादा मुलगा कोपऱ्यात बसत असेल, एकाच विषयावर तासन्‌तास बोलत असेल, तर त्याला हसू नका. त्याला त्याच्या पद्धतीने काम करू द्या. तो उपयोगी ठरेल म्हणून नव्हे. चळवळ जितकी आपली आहे, तितकीच ती त्याचीही आहे.

जय भीम!