रेड आणि स्पार्कलिंग वाईन: जिभेला काय कळते आणि काय कळत नाही

चिखल्याच्या आमच्या भागात दारू म्हटली की मोहाची किंवा देशी. तिचा भपका घरभर पसरतो, त्यामुळे कोणी घेतली हे लपत नाही. वाईनचे तसे नाही. पुण्या-नाशिककडे नोकरीला असलेला मुलगा सुटीत बाटली आणतो, "बाबा, ही हृदयाला चांगली" म्हणतो, आणि पुढच्या तपासणीला बाबा मला विचारतात, "डॉक्टरसाहेब, तुरट लागते, म्हणजे औषधीच असेल ना?"

तुरटपणा येतो टॅनिनमुळे. रेड वाईनसाठी काळी द्राक्षे साली-बियांसकट आंबवतात आणि त्यांतले टॅनिन रसात उतरते. तोंडात ते लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, आणि जीभ, गाल, हिरड्या खरखरीत होतात. कच्चे टेंभुर्ण खाल्ल्यावर तोंड आवळते, तोच हा प्रकार. कडक कोऱ्या चहातही थोडा असतो. म्हणजे तुरटपणा ही बरीचशी स्पर्शाची जाणीव आहे. औषधी गुणाशी तिचा संबंध नाही.

स्पार्कलिंग वाईनमध्ये आंबताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइड कोंडून ठेवलेला असतो. जिभेवरची चुणचुण फक्त बुडबुडे फुटण्याने होत नाही. तोंडातील एक विकर या वायूचे सौम्य आम्लात रूपांतर करते आणि ते आम्ल टोचते. काचबिंदूसाठी, किंवा लेह-लडाखला जाताना, दिली जाणारी असेटाझोलामाइडची गोळी हेच विकर अडवते. ती घेणाऱ्याला सोडासुद्धा शिळा, मेलेला लागतो. पेय बिघडलेले नसते. मेटफॉर्मिन किंवा मेट्रोनिडॅझोल चालू असताना तोंडाला धातूसारखी चव येऊ शकते, तीही गोळीचीच. वाईनचा फळासारखा सुगंध तर बहुतांशी नाकाचे काम आहे. सर्दीत तो जवळजवळ नाहीसा होतो.

बुडबुड्यांमुळे पोट फुगते, ढेकर येतात, आम्लपित्त असेल तर जळजळ वाढते. काही लोकांत अल्कोहोलही रक्तात लवकर पोहोचतो. आणि नेमकी हीच वाईन जिभेला सर्वांत हलकी, सरबतासारखी वाटते!

जिभेला जे कळत नाही ते अल्कोहोलचे प्रमाण. वाईनमध्ये तो साधारण १२ ते १४ टक्के असतो. १३ टक्क्यांच्या वाईनचा १५० मिलीचा ग्लास घेतला तर शरीरात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल जातो. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये तो सुमारे १० ग्रॅम असतो. म्हणजे एक ग्लास म्हणजे दीड पेग, आणि ७५० मिलीची पूर्ण बाटली म्हणजे साडेसात पेग. "मी दारू सोडली, आता फक्त वाईन घेतो" म्हणणाऱ्यांच्या घरच्यांनी हा हिशेब करून पाहावा.

हृदयाला चांगली, हा समज १९९० च्या दशकात जोरात पसरला. फ्रान्समध्ये लोणी-चीज भरपूर खाऊनही हृदयविकार कमी दिसत होता, त्याचे श्रेय रेड वाईनला दिले गेले. तिच्यातील रेस्व्हेराट्रॉलचे नाव घेतात, पण एका लिटरमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असते. अल्कोहोल मात्र पहिल्या ग्लासपासून भरपूर. तो कर्करोगकारक असल्याचे १९८८ मध्येच जाहीर झाले आहे, आणि आरोग्यासाठी सुरक्षित अशी त्याची कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. हृदयासाठी म्हणून वाईन सुरू करा, असे मी कोणत्याही रुग्णाला सांगत नाही. झोपेच्या गोळ्या चालू असतील किंवा यकृताचा आजार असेल तर घोटभरही नको.

मधुमेहींना मला वेगळे सांगायचे आहे. गोड नसलेली वाईन शुगर वाढवत नाही, म्हणून ती चालते, असे बरेच जण धरून चालतात. धोका उलट्या बाजूचा आहे. यकृत अल्कोहोलच्या मागे लागले की नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मंदावते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलेली असेल आणि जेवण कमी झाले असेल, तर काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, शुगर एकदम खाली येते. घाम, थरथर, अडखळते बोलणे, असंबद्ध बडबड. घरचे म्हणतात, "चढली आहे, झोपू द्या." मी असे रुग्ण पहाटे बेशुद्धावस्थेत आलेले पाहिले आहेत.

घरात ग्लुकोमीटर असेल तर लगेच शुगर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा मीटरच नसेल, आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि नंतर पोळी-भात काहीतरी खायला घाला. त्या रात्री एकाने जागे राहावे, कारण शुगर पुन्हा उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ वर फोन करा. गाडीत बसताना त्याच्या चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या, आणि वाईन घेतली होती हे डॉक्टरांपासून लपवू नका.