वैमानिक वेगळे झाले, पुढे काय?

फ्रँकफर्टमार्गे मुंबईला ये-जा करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना लुफ्थान्साच्या वैमानिकांचे संप नवे नाहीत. 2014 ते 2016 या काळात तर चौदा वेळा संप झाला. दरवेळी विमानतळावरच्या रांगेत एकच प्रश्न ऐकू येतो: एवढा पगार असताना यांना संप कशाला हवा? मला त्यापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. संपावर फक्त वैमानिकच का जातात? सामान चढवणाऱ्यांची संघटना वेगळी, केबिनमधल्यांची वेगळी आणि वैमानिकांची वेगळी, हे कधीपासून?

जर्मनीत हे पूर्वापार चालत आलेले नाही. वायमार प्रजासत्ताकाच्या काळात इथल्या कामगार संघटना विचारसरणीनुसार विभागलेल्या होत्या. 2 मे 1933 रोजी नाझींनी त्यांची कार्यालये ताब्यात घेतली, नेत्यांना अटक केली. महायुद्धानंतर नव्याने सुरुवात करताना चळवळीने त्यातून धडा घेतला: एका कारखान्यात एकच संघटना. फोरमन आणि फिटर एकाच संघटनेचे सभासद. पगारदार कर्मचाऱ्यांची डीएजी ही संघटना या मुख्य महासंघाबाहेर राहिली, पण तीही अनेक व्यवसायांना एकत्र बांधणारीच होती. वैमानिकांची ‘फेरआयनिगुंग कॉकपिट’ ही व्यावसायिक संघटना अनेक वर्षे याच डीएजीच्या साथीने पगाराच्या वाटाघाटी करत होती.

1990च्या दशकाच्या सुरुवातीला लुफ्थान्सा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कंपनी वाचवण्यासाठी कर्मचाऱ्यांनी सवलती दिल्या, त्यात वैमानिकही होते. कंपनी सावरली, 1997 मध्ये तिचे खाजगीकरण पूर्ण झाले, नफाही होऊ लागला. वैमानिकांचे म्हणणे साधे होते: पडत्या काळात आम्ही सोडले, आता चढत्या काळात ते परत मिळायला हवे. मोठ्या संघटनेत राहून ते मिळणार नाही, असे त्यांना वाटू लागले. संघटना रद्द करण्यासाठी कंपनीत मतदान घ्यायची अमेरिकी पद्धत जर्मनीत नाही. इथे सभासद आपला करार मोडतात आणि बाहेर पडतात. शतक संपता संपता कॉकपिट संघटनेने डीएजीशी असलेले सहकार्य संपवले आणि स्वतः वाटाघाटीला बसली. 2001 च्या मार्चमध्ये डीएजी इतर चार संघटनांसह ‘वेर्डी’ या अजस्र संघटनेत विलीन झाली. तिचे सभासद सुमारे 28 लाख होते, पण त्यात वैमानिकांची संघटना नव्हती.

दोनच महिन्यांत, मे 2001 मध्ये, वैमानिकांनी सुमारे 30 टक्के पगारवाढ मागत विमाने जमिनीवर आणली. शेवटी माजी परराष्ट्रमंत्री हान्स-डीट्रिश गेन्शर यांना मध्यस्थ म्हणून बोलवावे लागले. वैमानिकांना भरघोस वाढ मिळाली.

हे पाहून इतरही हलले. हवाई वाहतूक नियंत्रकांनी आपली वेगळी संघटना उभारली. ‘मारबुर्गर बुंड’ या डॉक्टरांच्या संघटनेने 2005 मध्ये वेर्डीची साथ सोडली आणि पुढच्या वर्षी विद्यापीठांच्या रुग्णालयांत संप केला. रेल्वेच्या इंजिनचालकांनी 2007–08 मध्ये गाड्या थांबवून स्वतंत्र करार मिळवला. यातले कोणीच सहज बदलता येण्याजोगे नाही. वैमानिक तयार व्हायला वर्षे लागतात. सामान चढवण्याचे काम मात्र बाहेरच्या कंत्राटदाराला देता येते. एकाच संघटनेत असताना या बलवानांची ताकद दुबळ्यांच्याही कामी येते. ते बाहेर पडले की मागे राहिलेल्यांच्या हातातला हुकमाचा पत्ता जातो. वैमानिकांची तक्रार खोटी नव्हती, पण तिची किंमत त्यांनी एकट्यांनी मोजली नाही.

मालकांनीही वेगळी वाट शोधली. कमी खर्चाच्या उपकंपन्या काढायच्या आणि उड्डाणे तिकडे वळवायची. सप्टेंबर 2015 मध्ये वैमानिकांचा संप हेसेन राज्याच्या कामगार न्यायालयाने थांबवला. संपाचा खरा रोख उपकंपन्यांच्या धोरणावर आहे आणि त्यासाठी संप करता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. थोडक्यात, पगार वाढवून घेता येतो, पण आपले काम कुठे जाईल हे ठरवता येत नाही.

कायदाही डळमळला. 2010 मध्ये संघीय कामगार न्यायालयाने ‘एका आस्थापनेत एकच करार’ हे जुने तत्त्व सोडून दिले. 2015 मध्ये संसदेने ते कायद्याने परत आणले: दोन करारांत विरोध असेल, तर त्या आस्थापनेत ज्या संघटनेचे सभासद जास्त, तिचा करार लागू. वैमानिक आणि डॉक्टरांबरोबर खुद्द वेर्डीही याविरुद्ध न्यायालयात गेली. 2017 मध्ये घटनापीठाने कायदा बहुतांशी टिकवला, पण छोट्या व्यवसायांच्या संरक्षणाची तरतूद करायला लावली.

मराठी वाचकाला इथे गिरणगाव आठवल्याशिवाय राहणार नाही. 1981 च्या दिवाळी बोनसवरून चिडलेल्या गिरणी कामगारांनी राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे पाठ फिरवली आणि ते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा हक्क मान्यताप्राप्त संघाकडेच राहिला. कामगार एकीकडे, त्यांच्या नावाने बोलण्याचा अधिकार दुसरीकडे. म्हणूनच तो कायदा रद्द करा, ही संपाची एक मागणी होती. ती मान्य झाली नाही, आणि संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही.

कापड यंत्रमागांवरही विणता येत होते, विमान मात्र वैमानिकाशिवाय उडत नाही. हा फरक मोठा आहेच. पण जर्मन वैमानिकांना नवी संघटना घेऊन टेबलाशी बसता आले, गिरणी कामगारांना तेही करता आले नाही. भारताच्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत 51 टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद, तिलाच वाटाघाटीचा एकमेव हक्क आहे. जर्मनीचा 2015 चा कायदाही बहुमताचीच भाषा बोलतो. ऐक्य हवेच, कारण त्यावाचून सामान चढवणाऱ्याला कोणी विचारत नाही. पण ते कायद्याने लादले की गिरणगाव घडते. संघटनेतले बलवान आपणहून थांबतील, असे वागणे मोठ्या संघटनांनाच शिकावे लागेल.