म्युझिकलचे कपडे कसे तयार होतात? त्यात गाणाऱ्याच्या श्वासाचं माप का घेतात?

'मुघल-ए-आझम' (1960) या सिनेमातलं शीशमहालातलं नृत्य आठवून पाहा. त्यातल्या अवघड गिरक्या मधुबालाने घेतलेल्या नाहीत. शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी तिच्या चेहऱ्याचा मुखवटा घडवला आणि तो लावून एका पुरुष नर्तकाने त्या गिरक्या घेतल्या. आवाज लता मंगेशकरांचा, तोही आधीच रेकॉर्ड झालेला. म्हणजे पडद्यावरची एक अनारकली तिघांची मिळून तयार झाली होती.

2016 मध्ये दिग्दर्शक फिरोज अब्बास खान यांनी हीच कथा म्युझिकलच्या रूपात मुंबईत एनसीपीएच्या रंगमंचावर आणली, तेव्हा ही सोय नव्हती. प्रियांका बर्वे, नेहा सरगम या अनारकली साकारणाऱ्या अभिनेत्री रंगमंचावर प्रत्यक्ष गात होत्या. वेशभूषा मनीष मल्होत्रा यांची होती. अशा वेळी कपडा दरबारी थाटाचा दिसून भागत नाही. तो घालून गाता आलं पाहिजे, नाचता आलं पाहिजे आणि काही सेकंदांत तो बदलताही आला पाहिजे.

मापं दोनदा का घेतात?

गाताना फासळ्या बाजूंना फुलतात आणि पोट पुढे येतं. उभं राहून, श्वास सोडलेल्या अवस्थेत घेतलेल्या मापाची चोळी तालमीत छान बसते आणि लांब तानेला दगा देते. म्हणून अनुभवी वेशभूषाकार छातीचं आणि कमरेचं माप दोनदा घेतात. एकदा नेहमीसारखं आणि एकदा पूर्ण श्वास भरून. हात वर केला की अख्खा अंगरखा वर चढू नये, यासाठी काखेखाली कापडाचा चौकोनी तुकडा जोडतात.

महागड्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा नमुना शिवतात. तो घालून कलाकार गाऊन आणि नाचून दाखवतो. कुठे ओढ बसते ते खडूने कापडावरच खुणावलं जातं. मूळ कपडा शिवताना शिलाईत भरपूर 'माया' ठेवतात, कारण उद्या कलाकार बदलला तर तोच कपडा उसवून दुसऱ्याला बसवायचा असतो.

'संगीत देवबाभळी'सारख्या नाटकात हा प्रश्न आणखी नाजूक होतो. त्यातली आवली गरोदर आहे. पोटाचा आकार द्यायचा, तोही नेमका जिथे श्वास भरायचा त्याच जागी. आपली पारंपरिक नेसण इथे कामाला येते. नऊवारी अंगावरच बांधली जाते, त्यामुळे गाठ थोडी सैल किंवा घट्ट करता येते. शिवलेल्या कपड्यात ही मुभा नसते.

गिरकीचं गणित

कथकच्या गिरकीत प्रेक्षकांना घेर दिसतो, नर्तकीला मात्र त्याचं वजन जाणवतं. घेराच्या कडेला थोडं वजन असेल तर तो छत्रीसारखा सारखा उघडतो. पण ते जास्त झालं की पाय थांबल्यावरही कापड फिरत राहतं, पायांना गुंडाळतं आणि नर्तकीचा तोल ओढून नेतं. काठाची जरी, अस्तर, कळ्यांची संख्या हे सगळं यावरून ठरतं. लांबी बोटभर जास्त राहिली तरी पाय अडकू शकतो.

रंगांचं कोडं वेगळंच. दुकानात लालभडक दिसणारं कापड हिरव्या प्रकाशात काळपट दिसतं. त्यामुळे कापडाचे तुकडे आधी प्रकाशयोजनाकाराच्या दिव्याखाली धरून बघावे लागतात.

विंगेतले 30 सेकंद

एका गाण्यानंतर लगेच दुसऱ्या वेशात यायचं असेल तर रंगपटापर्यंत जायला वेळच नसतो. कपडे विंगेतच बदलले जातात. मदतनीस ते घालायच्या क्रमाने मांडून ठेवतात, कलाकार फक्त हात पसरून उभा राहतो. बाहेरून दिसणारी बटणं अनेकदा नुसती शोभेची असतात. आत चेन, टिचबटणं किंवा वेल्क्रो असतो. वेल्क्रो सगळ्यात झटपट, पण शांत प्रसंगात त्याचा 'खर्रर्र' आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

आवाजाची भानगड इथे संपत नाही. वायरलेस माइकची डबी कमरेला किंवा केसांच्या टोपाखाली लपवावी लागते आणि घामापासून जपावी लागते. गळ्यातला हार माइकवर आपटला तर तो आवाज सभागृहभर ऐकू येतो.

हलका मुखवटा, मोठा खर्च

1997 मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या 'द लायन किंग'मध्ये ज्युली टेमॉर यांनी प्राण्यांचे मुखवटे कलाकारांच्या चेहऱ्यावर न लावता डोक्याच्या वर बसवले. सिंह दिसतो, पण माणसाचे डोळे आणि गाणारं तोंडही दिसतं. मुफासाचा मुखवटा लाकडी वाटतो. प्रत्यक्षात तो कार्बन ग्रॅफाइटचा आहे आणि त्याचं वजन 300 ग्रॅमच्या आसपास आहे. या कामासाठी टेमॉर यांना 1998 मध्ये वेशभूषेचा टोनी पुरस्कार मिळाला. दिग्दर्शनाचाही मिळाला, आणि म्युझिकलच्या दिग्दर्शनासाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या.

मराठी रंगभूमीने उलट टोकही पाहिलंय. 1913 मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना भरजरी शालू, दागिने आणि अत्तरं खरीच लागायची. त्यांची नेसण पाहून बायका तशी लुगडी नेसू लागल्या. त्या काळी 'वन्स मोअर' घेत नाटक रात्रभर चालायचं, तेवढा वेळ हा जामानिमा अंगावर असायचा. पण मंडळी कर्जात बुडत गेली, आणि त्यामागे रंगमंचावरच्या या वैभवाचा खर्चही होता. तिसाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला खरी जर आणि नकली जर यातला फरक कळतो का, हा प्रश्न तेव्हाही होता. बालगंधर्वांनी तो स्वतःपुरता मानला नाही, एवढंच.

रंगीत तालीम आणि नंतर

खरी परीक्षा रंगीत तालमीत होते. कपडे, दिवे आणि वाद्यवृंद तिथे पहिल्यांदा एकत्र येतात. तोपर्यंत नुसत्या ट्रॅक पॅंटमध्ये बसवलेलं नृत्य शेरवानीत बसत नाही हे अनेकदा इथेच कळतं. अशा वेळी एक तर शिलाई बदलते, नाही तर नृत्याची पावलं.

प्रयोग सुरू झाले की जबाबदारी 'कपडेपट' सांभाळणाऱ्यांवर येते. जरीचं काम रोज धुता येत नाही. म्हणून आत सुती बनियन घालतात आणि काखेत सुटे पॅड लावतात, तेवढेच धुतात. ब्रॉडवेवर तर कपड्यांवर आतून वोडका फवारण्याची जुनी पद्धत आहे. अल्कोहोलमुळे वास निर्माण करणारे जंतू मरतात आणि ते पटकन उडूनही जातं. आपल्याकडे दौऱ्यावर अडचण वेगळी असते. रात्री प्रयोग संपतो आणि बस लगेच पुढच्या गावाला निघते. ओला कपडा पेटीत बंद केला तर सकाळपर्यंत जर काळी पडू लागते, म्हणून कधी कधी दरबारातले अंगरखे बसच्या खिडकीशी टांगून वाळवत न्यावे लागतात.