भरतीच्या वेळी थांबायला जागा

नव्या वसाहतीसाठी जमीन हवी म्हटले की पहिली नजर जाते ती खाजणांकडे आणि मिठागरांकडे. तेथे घरे नसतात, मोठे वृक्ष नसतात. म्हणून ही जमीन ‘पडीक’ आहे असे आपण सहज म्हणून टाकतो. ती खरोखर पडीक असते का? नवी मुंबईच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

ठाणे खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या शहरासाठी ठरविण्यात आली.

खाडीकाठच्या आगरी शेतकऱ्यांना भरती-ओहोटीचा हिशोब नवा नव्हता. बांध घालून ते खाडीलगत भात पिकवीत. बांधात ‘उघाडी’ असे. ओहोटीला तिच्यातून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला ती बंद करून खारे पाणी अडवायचे. उघाडी बंद असेपर्यंत पाऊस शेतातच साचून राही. काही तास पाण्यात उभे राहणे भाताला चालते. घरांना ते चालत नाही.

सगळी सखल जमीन भराव घालून भरतीच्या पातळीवर उचलणे फार खर्चाचे होते. म्हणून नियोजकांनी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव राखले. शहरातले नाले या तलावांत येतात. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपा असतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की त्या मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर जाते. तत्त्व उघाडीचेच, फक्त शेताचे काम आता तलावाने करायचे.

हा तलाव केवढा हवा? वर्गात करून पाहण्याजोगे हे गणित आहे. एक चौरस किलोमीटर म्हणजे १० लाख चौरस मीटर. झडपा बंद असताना तेथे १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर पाणी जमते. डांबर आणि काँक्रीट यांमुळे त्यातले फारच थोडे जमिनीत मुरते. तलावात एक मीटर खोली मोकळी असेल, तर त्याला १० हेक्टर, म्हणजे वस्तीच्या दहाव्या हिश्श्याएवढी जागा लागेल. गाळाने निम्मी खोली भरली, तर निम्मे पाणी रस्त्यावर येईल.

नेमके हेच घडत गेले. गळक्या झडपांतून खाडीचे गढूळ पाणी आत येई, संथ पाण्यात गाळ बसे आणि त्या गाळावर तिवरे रुजत. दरम्यान तिवरांचे महत्त्व कायद्याला पटले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरली. गाळ काढावा तर तिवरे जातात, न काढावा तर घरांत पाणी शिरते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तिवरांना खाडीकाठी पुरेशी जागा आणि झडपांची वेळेवर दुरुस्ती, एवढे मिळाले असते तर हा पेच इतका घट्ट झाला नसता, असे आम्हांला वाटते.

या जागेला आणखीही हक्कदार आहेत. ओहोटीला खाडीच्या चिखलावर चरणारे रोहित पक्षी, चिखल पाण्याखाली गेला की मागच्या उथळ, मोकळ्या पाणथळींवर येऊन थांबतात. ठाणे खाडीतला सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण या विश्रांतीच्या जागा बुजल्या, तर भरतीचे ते तास पक्ष्यांनी कोठे काढायचे?

घरे हवीतच, मुंबईची गर्दी पाहिलेला कोणीही ते नाकारणार नाही. मात्र पाणथळ जागेतून किती जमीन घ्यायची, हे ठरविण्याआधी पाण्यासाठी किती सोडायची हे मोजले पाहिजे. ती मोजणी आगरी शेतकऱ्याने केली होती, नियोजकांनीही केली होती. तलावाची जागा रिकामी दिसते, पण भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस पडला की ती कशासाठी होती ते कळते. आपल्या गावातली सगळ्यांत सखल जागा कोणती, पूर्वी तेथे काय होते आणि आज काय आहे, याचा शोध विद्यार्थ्यांनी घ्यावा. गणिताचे आकडे त्यांना तेथेच मिळतील.