देव्हाऱ्यातली ब्रिटानिया

आजीच्या देव्हाऱ्यात टाकांच्या मागे ब्राँझची एक जड तबकडी असायची. त्यावर उभी बाई आणि पुढे सिंह. आजी तिला भवानी समजून रोज कुंकू लावायची. आजी गेल्यावर आईनं तबकडी चिंचेनं घासली, तेव्हा इंग्रजी अक्षरं निघाली आणि चौकटीत आजीच्या थोरल्या चुलत्याचं नाव. बाई भवानी नव्हती, ब्रिटानिया होती. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी सरकारनं अशा तबकड्या पाठवल्या होत्या.

मरणात सगळे सारखे, म्हणून तबकडीवर हुद्दा नाही आणि पलटणही नाही. कल्पना उदात्त, पण शोधणाऱ्याची पंचाईत. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं सगळं ठोकलेलं असतं. आमच्याकडचं पदक चांदीचं होतं, म्हणजे ते कधीच आटवलं गेलं.

साध्या देशी शिपायाची स्वतंत्र फाईल लंडनला मिळेल, ही आशाही लवकर सोडावी लागते. गावच्या चावडीवर संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर किती गेले आणि किती मेले ते आकडे आहेत, नावं नाहीत. बसऱ्याच्या स्मारकाचीही तीच गत. तिथं ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावं कोरली आहेत; देशी अधिकाऱ्यांचीही आहेत. देशी शिपाई मात्र पलटणीमागे एक आकडा.

हाताशी उरली घरातली एक गोष्ट. बसऱ्याकडे घोड्याचं मांस खायला नकार देऊन तो उपाशी मेला, असं आजी सांगायची. हे वर्णन कुतच्या वेढ्याशी जुळतं. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तुर्कांनी तिथं सहावी पुणे डिव्हिजन कोंडली होती. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. धर्म बुडेल म्हणून अनेक देशी शिपायांनी बराच काळ घोड्याचं मांस नाकारलं. शरणागतीनंतर जे कैद झाले, त्यांतले कित्येक रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर खपले.

म्हणून मी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या याद्या उघडल्या. इथं शिपायांची नावं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही. पण ती इंग्रज कारकुनाच्या कानानं ऐकलेली. आमचं आडनाव चार तऱ्हांनी लिहून पाहिलं. (व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या नामदेव जाधवांचं आडनावही इंग्रजीत एकाहून अधिक प्रकारे सापडतं, तिथं आमची काय कथा.) दोघे मिळाले. एक वेढा उठल्यानंतर, कैदेत मेलेला. पण गाव कोकणातलं. दुसरा ११० व्या पलटणीचा. बापाचं नाव तेच, तालुका पाटण, गावाचं नाव मोडकंतोडकं, पण वाचलं की कळतंच. मृत्यू २२ नोव्हेंबर १९१५.

तो टेसिफॉनच्या लढाईचा पहिला दिवस. त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूची साडेचार हजारांवर माणसं मेली वा जखमी झाली. उरलेले माघार घेत कुतला आले आणि मग वेढा पडला. म्हणजे आमच्या माणसानं वेढा पाहिलाच नाही. उपासाची गोष्ट वाचून परतलेल्या कुणीतरी गावात सांगितली असावी आणि ती ज्याचं काहीच कळलं नव्हतं, त्याला चिकटली.

आईला तारीख सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे उपाशी नव्हता ना?" तबकडी पुसून तिनं परत टाकांच्या मागे ठेवली, आणि कुंकू लावलं.