मशीन काढणे

आमच्या वेल्हे तालुक्यात (अधिकृत नाव आता राजगड तालुका, पण तोंडात वेल्हेच बसलंय) दवाखान्याच्या संदर्भात "मशीन काढलं" या वाक्याचा अर्थ एकच. संपलं. आता मुंबईच्या मंडळींना कळवा. भोरकडेही काही वेगळं नाही. त्यामुळे डॉक्टर जेव्हा उत्साहानं सांगतात की "उद्या मशीन काढून बघू", तेव्हा ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

बरं होण्याची आशा संपल्यावर उपचार थांबवणं, ज्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मोठा निकाल दिला, तो वेगळा विषय आहे. आज लिहितोय ते दुसऱ्या 'काढण्या'बद्दल. पेशंट सुधारतोय म्हणून त्याला व्हेंटिलेटरवरून उतरवणं. डॉक्टर लोक याला 'वीनिंग' म्हणतात. मूळ अर्थ तान्ह्या बाळाचं अंगावरचं दूध सोडवणं. ज्यानं कोणी हा शब्द इथे आणला त्याला घरात लहान मूल असणार, कारण दोन्हीकडे रडारड सारखीच असते.

तर इतिहास. १९५२ सालचं कोपनहेगन. पोलिओची भयंकर साथ. ब्लेगडॅम हॉस्पिटलात 'लोखंडी फुप्फुस' म्हणजे पेशंटला पेटीत घालून बाहेरून हवेचा दाब कमी-जास्त करणारं यंत्र होतं एक, आणि छातीवर बसवायची छोटी यंत्रं सहा. पहिल्या काही आठवड्यांत श्वासाचा आधार लागलेल्या ३१ पेशंटांपैकी २७ गेले. मग ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. २७ ऑगस्टला त्याने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. पण मशीन कुठून आणणार? म्हणून मेडिकलचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र पिशव्या दाबत बसले. आजचं आयसीयू जन्माला आलं ते असं, माणसांच्या हातांवर.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पिशवी हातात असली की पेशंट स्वतःहून श्वास घ्यायला लागलाय हे हाताला कळतं. नंतर मशीन आली आणि हात गेला. मशीन सुधारत गेली, पण ती काढायची कधी हा प्रश्न पुढची चाळीसेक वर्षं बराचसा अंदाजपंचे चालला. १९७३ च्या सुमारास एक पद्धत आली. मशीनचे श्वास हळूहळू कमी करायचे. मिनिटाला बारा, मग दहा, मग आठ... मधले श्वास पेशंटचे. आपल्यासारख्या इंजिनिअर मंडळींना ही एकदम पटेल. बदल थोडा थोडा करा, सिस्टीम कोसळणार नाही!

पण मोजून बघितल्यावर भलतंच निघालं. १९९५ साली एस्तेबान आणि मंडळींनी स्पेनमधला अभ्यास प्रसिद्ध केला. आता काढायचा विचार करू असं डॉक्टरांना वाटलेले ५४६ पेशंट. प्रत्येकाला आधी दोन तासांपर्यंत स्वतःच्या दमावर श्वास घेऊ दिला. त्यातले ४१६ पास! म्हणजे चारातल्या तिघांना हळूहळू वगैरे काही लागलंच नाही. उरलेल्या १३० जणांवर चार पद्धती ताडून पाहिल्या. दिवसातून एकदा पूर्ण चाचणी घ्यायची, जमलं तर काढायचं, नाही जमलं तर उद्यापर्यंत विश्रांती, या साध्या पद्धतीने ती 'हळूहळू'वाली पद्धत तिपटीने मागे टाकली. (त्याआधी वर्षभर ब्रोशार यांच्या अभ्यासात दुसरीच एक पद्धत वरचढ ठरली होती, त्यावरून वाद झाले. पण 'हळूहळू'वाली सर्वात मागे, यावर दोघांचं एकमत.)

पुढे १९९६ साली अमेरिकेत इली यांनी दाखवलं की रोज सकाळी ठरलेल्या निकषांवर प्रत्येक पेशंट तपासला आणि डॉक्टरांना 'हा चाचणीत पास झालाय' असं नुसतं कळवलं, तरी मशीनवरचा काळ सहा दिवसांवरून साडेचारवर येतो. २००० साली क्रेस यांनी गुंगीचं औषध रोज एकदा थांबवून पाहिलं, तो काळ ७.३ वरून ४.९ दिवसांवर आला. नवीन औषध नाही, नवीन यंत्र नाही. रोज विचारायचं, बस्स.

एक आकडा मला विशेष आवडतो. १९९१ साली यांग आणि टोबिन यांनी सुचवलेला. पेशंट मिनिटाला किती श्वास घेतो, त्याला एका श्वासातल्या लिटरनी भागायचं. मिनिटाला ३० श्वास आणि प्रत्येक ०.३ लिटरचा, तर उत्तर १००. ३५ श्वास आणि ०.२५ लिटर, तर १४०. १०५ च्या खाली असेल तर जमण्याची शक्यता जास्त. धापा टाकणारा माणूस भरभर आणि उथळ श्वास घेतो, हे आपल्या आजीलाही माहीत होतं. यांनी त्याचा भागाकार केला.

आता पुणे. ३ ऑगस्ट २००९ ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. मग शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू हॉस्पिटलसमोर रांगा. (दुचाकीवरच्या पुणेरी मुलींचे स्कार्फ तेवढे आधीपासूनच तयार होते.) 'व्हेंटिलेटर' हा शब्द तेव्हा पहिल्यांदा आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकू यायला लागला.

पोलिओत फुप्फुस ठीक असतं, स्नायू लुळे पडतात. विषाणूच्या न्यूमोनियात उलटं. फुप्फुसं पाणी शोषलेल्या स्पंजासारखी जड होतात, फुगत नाहीत. मग माणसाला गाढ गुंगीत ठेवायचं, पालथं झोपवायचं, कधी स्नायू शिथिल करायचे, आणि हे आठवडा-दोन आठवडे. तेवढ्यात फुप्फुस सुधारतं पण श्वासाचा मुख्य स्नायू, छाती आणि पोटामधला पडदा, बसून बसून झिजतो. २००८ सालच्या एका अभ्यासात १८ ते ६९ तास मशीनवर राहिलेल्यांच्या या स्नायूचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले दिसले. म्हणजे घाई केली तर पुन्हा नळी घालायची वेळ, आणि उशीर केला तर स्नायू गेला. कात्री दोन्ही बाजूंनी कापते.

२०२० साली सगळा देश व्हेंटिलेटर मोजायला लागला. पुण्यातल्या नोक्का रोबोटिक्सची पोरं आधी सोलर पॅनेल पाण्याशिवाय पुसणारे रोबो बनवायची, त्यांनी आयआयटी कानपूरच्या मदतीने व्हेंटिलेटर बनवून दाखवला. एक इंजिनिअर म्हणून मला त्यांचं फार कौतुक वाटलं. पण बातम्यांत मशीन किती आली हेच असायचं. रोज सकाळी त्या मशीनसमोर उभं राहून "आज काढता येईल का?" विचारणारी नर्स किती, फिजिओथेरपिस्ट किती, हे क्वचितच कोणी विचारलं.

एप्रिल २०२१ मध्ये आमचे धाकटे काका आजारी पडले. वेल्ह्याहून नसरापूर, तिथून हायवे, कात्रजचा नवा बोगदा, अशी ऑक्सिजन लावलेली अँब्युलन्स पुण्यात आली. दुसऱ्या दिवशी नळी घातली. मी पुण्यात, म्हणून हॉस्पिटलच्या कागदावर नंबर माझा. रोज दुपारी एक फोन. मी सवयीनं एक्सेल शीट केली: ऑक्सिजन किती टक्के, दाब किती, शेवटचा रकाना शेरा.

बाराव्या दिवशी गळ्याला छिद्र केलं. पंधराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्या थोडा वेळ मशीन काढून बघू. हे मी घरी सांगितलं आणि पाच मिनिटांत चुलतभावाचा फोन. "दादा, आई लई रडतीय. मशीन काढणार म्हणं. काय आशाच न्हाई का? आमी निघतो सगळी." आसपासच्या गावांत त्या महिन्यात मशीनवर गेलेलं कोणी परत आलं नव्हतं, त्यांचं काय चुकलं? अर्धा तास समजावलं. शेवटी काकूंना म्हटलं, "काकू, बाळाला चालायला शिकवताना बोट सोडतो ना, तसं. पडायला लागला की लगेच धरायचं."

पहिल्या दिवशी वीस मिनिटं. घाम, नाडी १३०, पुन्हा मशीन. दुसऱ्या दिवशी पस्तीस. तिसऱ्या दिवशी ताप आला, चाचणीच नाही. मग दोन तास. तोपर्यंत काकूंचा प्रश्नच बदलला होता. संध्याकाळी सातला फोन आला की एवढंच: "आज किती येळ सोताच्या दमानं?" मी आकडा सांगायचो आणि तो वस्तीवर सगळ्यांना कळायचा. तेविसाव्या दिवशी आकडा चोवीस तास झाला.

पुढे गळ्याचं छिद्र बुजलं, आवाज घोगरा राहिला. बांधापर्यंत चालत जायला दिवाळी उजाडली. हॉस्पिटलातलं काकांना फारसं आठवत नाही. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवणारी, "काका, खोकला काढा, जोरात" म्हणून मागे लागणारी फिजिओ मुलगी तेवढी आठवते. चेहरा नाही, तो कधी दिसलाच नाही. पीपीई किटवर मार्करनं लिहिलेलं नाव आठवतं.